धनंजयराव गाडगीळ : हिशेब मांडणारा माणूस खुर्चीत बसतो तेव्हा

(सोनगीर येथील जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'अर्थशास्त्रज्ञ आणि सरकार' असा विषय छापला आहे. तो वाचून सकाळीच एक आबा म्हणाले, "भाऊ, कपाशीना भावनं बोला. अर्थशास्त्रज्ञ काय कामना?" आबांचे बरोबर आहे. पण कपाशीचा भाव आभाळातून पडत नाही. कुणीतरी खुर्चीत बसून कागदावर आकडे मांडतो. शेतीचा खर्च किती धरायचा, घरच्या माणसांची मजुरी धरायची की नाही, कर्ज कुणाला किती द्यायचे, पाणी कुठल्या तालुक्याला न्यायचे, हे सगळे त्या कागदावर ठरते. तो कागद लिहिणारा बहुतेक वेळा अर्थशास्त्र शिकलेला असतो. म्हणून त्यांच्यातला एक माणूस आज तुमच्यापुढे उभा करायचा आहे. आपल्याच मुलखातला, मराठी. त्याचे कौतुक जेवढे करायचे तेवढे करीन, आणि भांडण जिथे आहे तिथे भांडेन.

धनंजय रामचंद्र गाडगीळ. जन्म १० एप्रिल १९०१, नाशिकचा. लहानपण नागपुरात गेले. पुढे केंब्रिजला शिकले आणि तिथे हिंदुस्थानच्या उद्योगधंद्यांची वाटचाल कशी झाली यावर प्रबंध लिहिला. तो १९२४ मध्ये पुस्तकरूपाने निघाला आणि पुढे कित्येक पिढ्या विद्यार्थ्यांनी वाचला. काही वर्षे सुरतेच्या कॉलेजात प्राचार्य होते. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, तिचे ते पहिले संचालक. त्या खुर्चीत ते १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे बसले.

तुम्ही म्हणाल, पुण्यात बसून पुस्तके लिहिणारे पुष्कळ आहेत. खरे आहे. पण या माणसाने एक वेगळी गोष्ट केली. इंग्रजी पुस्तकांत लिहिलेली शेती इकडच्या शेतीवर लादण्याऐवजी त्यांनी माणसे गावात पाठवली. वाई तालुक्यात शेतीच्या धंद्याची पाहणी झाली, तिचा अहवाल १९४० मध्ये छापला गेला. त्यातला 'धंदा' हा शब्द नीट ऐका. तोपर्यंत शेती म्हणजे सारा वसूल करायची जमीन, नाहीतर कवितेतला हिरवा मळा. या माणसांनी विचारले, बियाण्याला किती गेले, बैलाला किती गेले, घरची माणसे किती दिवस राबली, आणि शेवटी हातात काय उरले? आज आपण उत्पादनखर्च म्हणून जे मागतो, त्याचा हिशेब मांडायची रीत महाराष्ट्रात अशा पाहण्यांतून रुजली.

दुसरी पाहणी तर आपल्यासारख्या कोरडवाहूवाल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी. १९४८ मध्ये गाडगिळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा अहवाल काढला. तोपर्यंत सरकारचा हिशेब सरळ होता. कालव्याला इतका पैसा घातला, पाणीपट्टी इतकी वसूल झाली, भागिले तर व्याज सुटते की नाही? नाही सुटले तर कालवा तोट्याचा. दुकानदाराचा हिशेब! गाडगीळ म्हणाले, असे मोजता येणार नाही. पाणी आले की पीक वाढते, मजुराला काम मिळते, गावात दुकान निघते, गाडीवानाला भाडे मिळते, दुष्काळात सरकारचा खर्च वाचतो. हे सगळे मोजा आणि मग सांगा कालवा फायद्याचा की तोट्याचा. कालव्याच्या भागातली गावे आणि कोरडी गावे शेजारी-शेजारी ठेवून त्यांनी ते दाखवले.

सोनगीरकरांना मी हे का सांगतो? तापीचे पाणी उचलून आणणाऱ्या सुलवाडे-जामफळ-कनोली योजनेचा नारळ फेब्रुवारी २०१९ मध्ये धुळ्याला फुटला. खान्देशाने त्याआधी किती वर्षे वाट पाहिली ते इथल्या म्हाताऱ्यांना विचारा. उपसा योजना निघाली की कुणीतरी साहेब विचारतोच, विजेचे बिल पाणीपट्टीतून निघेल काय? त्याला गाडगिळांचा कागद दाखवायचा. आणि आपल्यापैकी कुणी पाणी आले म्हणून नाचायला लागला, तर त्यालाही तोच कागद दाखवायचा. कारण कालव्यामुळे कोण वर आला आणि कोण बांधावर राहिला, हेसुद्धा मोजावे लागते.

आता कर्जाकडे येतो. इथे जरा थांबणार आहे, कारण खरी गोम इथे आहे.

१९४५ चे साल. महायुद्ध संपत आलेले. शेतीच्या कर्जपुरवठ्याचा विचार करायला सरकारने नेमलेल्या उपसमितीचा अहवाल आला, आणि तिचे अध्यक्ष होते गाडगीळ. त्या समितीने जे सांगितले ते आज वाचले तरी माणूस चमकतो. ती म्हणाली, शेतकऱ्याच्या डोक्यावरचे जुने कर्ज आधी त्याच्या फेडीच्या ऐपतीला आणून बसवा. शेतातून वर्षाला जेवढे उरू शकते तेवढेच कर्ज खरे. त्याच्या वरचे कमी करा, आणि ते सावकाराच्या मर्जीवर सोडू नका, कायद्याने सक्तीने करा. मग नवे कर्ज द्यायला प्रत्येक प्रांतात सरकारी पाठबळाचे शेती पतमहामंडळ काढा, कारण सहकारी सोसायट्यांना हे ओझे पेलणार नाही.

'ऐपत' या शब्दात सगळे आहे. समितीने शेतकऱ्याला भीक घातली नाही. त्याच्या धंद्यातून जे निघू शकत नाही ते कुणीच वसूल करू शकत नाही, हे व्यवहाराचे साधे तत्त्व तिने मांडले. पेढीवरचा शेटजी दुसऱ्या शेटजीशी असेच वागतो. फक्त शेतकऱ्याच्या बाबतीत ते कुणाला सुचत नव्हते.

आणि नंतर काय झाले? २००८ ची कर्जमाफी आठवा. दोन हेक्टरपर्यंत पूर्ण माफी आणि वरच्यांना पंचवीस टक्के. म्हणजे माप कशाचे? एकरांचे! बागायती पाच एकरवाला आत, आणि तीन पिढ्या पावसाकडे डोळे लावून बसलेला कोरडवाहू सहा एकरवाला बाहेर. ज्याच्या जमिनीतून कमी निघते त्याच्याकडे जमीन थोडी जास्त असते, हे कुणब्याच्या पोरालाही कळते. दिल्लीत कळले नाही. २०१७ च्या योजनेत दीड लाखाची मर्यादा, २०१९ च्या योजनेत दोन लाखांची. पुन्हा आकडा रुपयांचा. ऐपतीचा हिशेब गाडगिळांच्या अहवालाबरोबर कपाटात गेला.

ऐपतीवर कर्ज बसवणे हे काय स्वप्नातले बोलणे आहे? नाही. ते होते, पण मोठ्यांसाठी होते. आफ्रिकेतल्या नायजेरिया देशाच्या एका अर्थतज्ज्ञ बाई आहेत, न्गोझी ओकोन्जो-इवेआला. अमेरिकेत शिकल्या, जागतिक बँकेत कित्येक वर्षे काढली आणि २००३ मध्ये आपल्या देशाच्या अर्थमंत्री झाल्या. देशावर परदेशी सावकारांचे सुमारे ३० अब्ज डॉलर कर्ज होते. बहुतेक भाग व्याज आणि दंड चढून फुगलेला, तुमच्या-माझ्या सोसायटीच्या खात्यासारखा. बाईंनी हिशेबाच्या वह्या घेऊन सावकार देशांशी बोलणी केली. २००५ मध्ये समझोता झाला. सुमारे १८ अब्ज सुटले, १२ अब्ज नायजेरियाने भरून टाकले आणि खाते मिटवले. जगातल्या मोठमोठ्या सरकारांनी तेव्हा मान्य केले की ऋणको जगला तर धनकोचे काही सुटते. देशाला जे चालते ते सोनगीरच्या खातेदाराला का चालू नये, हा माझा प्रश्न आहे.

याच बाई मार्च २०२१ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या महासंचालक आहेत. तिथे त्यांच्यापुढे कापसाची एक जुनी फाईल पडून आहे. बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड हे आफ्रिकेतले चार देश २००३ मध्ये उठून म्हणाले, अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना एवढे अनुदान देते की जगाच्या बाजारात आमच्या कापसाचा भाव पडतो. त्या देशांतला शेतकरी आपल्यासारखाच पावसाच्या भरवशावर कापूस लावतो. वीस वर्षांवर काळ गेला, वाटाघाटी झाल्या, ठराव झाले, अनुदानाची मूळ गाठ काही सुटली नाही. खुर्चीत आपल्यासारख्या मुलखाचे माणूस बसले की सगळे प्रश्न सुटतात, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता गाडगिळांकडे परत.

१९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली. ७५ जिल्हे, ६०० गावे, सव्वा लाखावर कुटुंबे. ती चालवणाऱ्या समितीचे अध्यक्ष गोरवाला आणि सदस्यांत गाडगीळ होते. १९५४ मध्ये अहवाल आला. शेतकऱ्याने घेतलेल्या शंभर रुपयांच्या कर्जात सहकारी सोसायट्यांचे होते तीन रुपये. सरकारचेही तीनच. बँकांचा पुरता एक रुपयाही नाही. आणि सावकारांचे? जवळजवळ सत्तर रुपये! पन्नास वर्षे सहकाराचा कायदा होता, रजिस्ट्रार होते, परिषदा होत्या, आणि फळ तीन रुपये. तरीही समितीने सहकार सोडून द्या असे म्हटले नाही. सरकारने भागीदार व्हावे, कर्ज, विक्री आणि प्रक्रिया एकत्र बांधावी असे सांगितले. पुढे १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती याच अहवालामुळे.

सरकार भागीदार झाले की ते हळूहळू मालक होते, हे तेव्हा या विद्वानांच्या लक्षात यायला हवे होते, असे माझे मत आहे. भागीदारीतला वाघ आणि शेळी आपण गोष्टीत ऐकलेच आहेत.

पण गाडगिळांनी नुसता अहवाल लिहिला नाही, धंद्यात उतरूनही पाहिले. नगर जिल्ह्यातल्या लोणीचे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडून ऊसवाल्यांचे भाग गोळा करीत होते. मुंबई राज्याचे मंत्री वैकुंठभाई मेहता पाठीशी होते. त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष म्हणून शेतकऱ्यांनी पुण्याच्या या प्रोफेसराला नेले. १९५० च्या अखेरीस प्रवरेचे गाळप सुरू झाले आणि पहिली दहाएक वर्षे गाडगीळ तिथे अध्यक्ष होते. अर्थशास्त्रज्ञ पुष्कळ होतात, पण उसाचा उतारा, कामगारांचा पगार आणि सभासदांची आरडाओरड यांच्यात दहा वर्षे बसणारा दुसरा दाखवा.

मग मंग आमले काय भेटनं? ऊसवाल्याला कारखाना, आणि कापूसवाल्याला काय? असे का झाले याचा विचार करू. तोडलेला ऊस दिवसभरात गाळला नाही तर उतारा घटतो. म्हणजे ऊस लांब जाऊ शकत नाही आणि कारखाना उसाला सोडू शकत नाही. दोघांची गाठ पक्की. कापसाचे तसे नाही. कापूस घरात पडून राहतो, ट्रकमध्ये भरून शंभर कोस जातो. जिथे चार पैसे जास्त तिथे तो पळतो, आणि व्यापारी त्याच्यामागे. शिवाय उसाला पाण्याचा भरवसा, म्हणून बँकेचा भरवसा. कोरडवाहू कपाशी एका वर्षी एकरी सहा क्विंटल, दुसऱ्या वर्षी दीड. अशा मालावर यंत्रे चालवायची म्हणजे दोन वर्षे धूर आणि एक वर्ष कुलूप. कुलपाचे म्हणाल तर धुळे जिल्ह्यात ऊस असूनही पांझराकान कारखाना वर्षानुवर्षे बंद राहिला. म्हणजे नुसत्या पिकावर काही अवलंबून नसते, कारभारावरही असते.

सरकारने कापसाला सहकार दिला तो एकाधिकार खरेदीचा, १९७२ पासून. पाटी सहकारी पणन महासंघाची, कुलपाची किल्ली मंत्रालयात. आपला कापूस आपण आग्रा रोडने सेंधव्याच्या जिनिंगला न्यायचा तर सरहद्दीवर पोलीस उभा. स्वतःचा माल विकला म्हणून शेतकरी चोर ठरला. गाडगिळांच्या माथी हे मारता येत नाही, ते १९७१ मध्येच वारले. पण प्रवरेला मालक शेतकरी होता आणि एकाधिकारात मालक सरकार होते, हा फरक त्यांच्या शिष्यांनी तरी मोठ्याने सांगायला हवा होता.

आणि एका बाबतीत खुद्द गाडगिळांशीच आमचे पटत नाही. १९४७ मध्ये सरकारने जिनसांच्या किमतींसाठी मंडळ नेमले. त्यातही गोरवाला आणि गाडगीळ होते. त्यांचा कल नियंत्रण चालू ठेवण्याकडे. वर्षाच्या अखेरीस सरकारने नियंत्रण उठवायचे ठरवले तेव्हा ते नाराज झाले. शहरातल्या गरिबाला धान्य महाग पडू नये ही त्यांची कळकळ खोटी नव्हती. पण गरिबाचे पोट भरण्याचा खर्च कुणाच्या खळ्यातून काढायचा? पुढे साठाव्या दशकात महाराष्ट्रात ज्वारीची एकाधिकार खरेदी आली, लेव्ही आली. ज्याच्या घरात स्वतःला पुरेल एवढीच ज्वारी, त्याच्या दारात तलाठी. वाईच्या शेतकऱ्याचा हिशेब धंदा म्हणून मांडणारा माणूस बाजाराच्या वेळी मात्र ग्राहकाच्या बाजूने उभा राहिला, याचे मला नेहमी नवल वाटते.

सप्टेंबर १९६७ मध्ये इंदिरा गांधींनी गाडगिळांना नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष केले. मंडळाच्या अध्यक्ष पंतप्रधान, म्हणजे खरा कारभार उपाध्यक्षाचा. तेव्हा देशात लागोपाठ दोन दुष्काळ होऊन गेलेले, रुपयाचे अवमूल्यन झालेले, चौथी पंचवार्षिक योजना रखडलेली. राज्याला दिल्लीचा पैसा मिळायचा तो योजनेगणिक. ज्याचा मुख्यमंत्री दिल्लीत वजनदार त्याची थैली जड. गाडगिळांनी ते मोडून एक सूत्र ठरवले. पैशाचा साठ टक्के भाग लोकसंख्येवर, दहा टक्के ज्या राज्यांचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीखाली त्यांना, दहा टक्के राज्य स्वतः कर किती गोळा करते त्यावर, दहा टक्के पाटबंधारे आणि विजेच्या अपुऱ्या कामांसाठी, आणि दहा टक्के राज्याच्या खास अडचणींसाठी. 'गाडगीळ सूत्र' म्हणून ते देशभर गाजले. पुढे त्यात बदल होत गेले, पण नाव राहिले. नियोजन मंडळच गुंडाळून १ जानेवारी २०१५ ला नीती आयोग आला, तोवर ते चालले.

दिल्ली आणि राज्यांमध्ये सूत्र आले. पण राज्य आणि जिल्ह्यांमध्ये? तिथे पुन्हा वजनदाराची थैली! १९६९ मध्ये गाडगिळांच्या मंडळाने राज्यांना जिल्हावार योजना करायला सांगितले होते. मुंबईत त्याचे काय झाले ते खान्देशाला सांगायला नको.

त्याच साली त्यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने सांगितले की बँकांनी एकेक जिल्हा वाटून घ्यावा, तिथल्या गरजा तपासाव्या, योजना आखावी. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झालेलेच होते. डिसेंबरात रिझर्व्ह बँकेने अग्रणी बँक योजना सुरू केली. आज धुळ्यात आणि जळगावात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची जी बैठक भरते आणि वर्षाचा पतआराखडा ठरतो, त्याचे मूळ या कागदात आहे.

१९७१ च्या निवडणुकीनंतर मंडळाची फेररचना झाली आणि गाडगीळ बाहेर पडले. पुण्याला परतताना, ३ मे १९७१ रोजी, वाटेतच त्यांचे निधन झाले. सत्तर वर्षांचे आयुष्य.

आता आबांच्या कपाशीचा भाव. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा आधारभाव ७,७१० रुपये क्विंटल. सरकारने खर्च धरला ५,१४०, त्यावर दीडपट. संकरित ज्वारीचा ३,६९९, खर्च धरला २,४६६. हिशेब चोख दिसतो. पण त्या खर्चात स्वतःच्या जमिनीचा खंड नाही आणि घातलेल्या स्वतःच्या भांडवलावरचे व्याज नाही. घरच्या माणसांची मजुरी आहे, पण ती कुठल्या दराने धरली ते पाहावे लागेल. आणि हा खर्च सगळ्या देशाची सरासरी आहे. पंजाबातला कालव्याचा कापूस आणि सोनगीरच्या बरड रानातला कापूस एकाच चाळणीतून गाळलेला! त्याच साली १९ ऑगस्टपासून सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवले. म्हणजे वेचणी आणि विक्रीचे नेमके दिवस. एका हाताने आधारभाव आणि दुसऱ्या हाताने परदेशी गठाण.

किमती ठरवण्यासाठी १९६५ मध्ये जो कृषिमूल्य आयोग निघाला त्याचे पहिले अध्यक्ष प्राध्यापक दांतवाला. त्यांनी तरुणपणी, १९३७ मध्ये, कापसाच्या बाजारावरच पुस्तक लिहिले होते. म्हणजे कापूस न कळणारी माणसे तिथे बसली असे म्हणायची सोय नाही. शिकलेली होती, भली होती. त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्न कुणाचा होता, गिरणीचा, ग्राहकाचा की आपला, एवढेच पाहायचे.

म्हणून आजच्या बैठकीत एक काम ठरवू. प्रत्येक तालुक्यातून दहा कोरडवाहू खातेदार निवडायचे. एका वहीत कपाशीचा आणि ज्वारीचा पेरणीपासून विक्रीपर्यंतचा खर्च लिहायचा. बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, घरच्या माणसांचे दिवस, बाया आणि गडी वेगवेगळे, जमिनीचा खंड, कर्जाचे व्याज, आणि हाती आलेली पट्टी. पावत्या वहीला टाचायच्या. बायांनी आपले दिवस स्वतः लिहावेत, गड्यांच्या अंदाजाने लिहू नयेत. शिंदखेडा आणि शिरपूरच्या कार्यकर्त्यांनी गावांची यादी आज संध्याकाळपर्यंत द्यावी. साक्री आणि धुळे तालुक्याची उद्या चालेल. जळगावकडच्यांनी अमळनेर आणि पारोळ्यापासून सुरुवात करावी. वह्या जमल्या की जिल्ह्याचा पतआराखडा मागवून त्याच्याशेजारी ठेवू, आणि पुढच्या बैठकीला अग्रणी बँकेच्या साहेबांना बोलावू.